माणगंगेच्या खोऱ्यात पाण्याची पाळी कुणी ठरवायची?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. माण नदीच्या, म्हणजे माणगंगेच्या, खोऱ्यात तुमचं गाव आहे. ओढ्यावर चार सिमेंट बंधारे झाले, दोन उन्हाळे गावानं श्रमदान केलं, ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाणी समितीही आहे. तरी मार्च सरला की टँकर सुरू होतो. तुम्ही यंदा पहिल्यांदाच सदस्य झालात आणि विचारताय की लोकांचा खरा सहभाग उभा कसा करायचा, सुरुवात कुठून करायची, आणि सगळं खोरं कोरडं असताना एकट्या गावाच्या हातात काही असतं का.

मी पाण्याच्या कामात तीस वर्षं आहे आणि त्यातली निम्मी तुमच्याच बाजूच्या तालुक्यांत गेली. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. श्रमदानाला किती माणसं आली यावरून सहभाग मोजू नका. दगड उचलायला गाव येतं, कारण त्यात कुणाचं काही जात नाही. खरी परीक्षा ऑक्टोबरात असते. बंधारा भरलेला असतो, विहिरी चढलेल्या असतात आणि तेव्हा ठरवायचं असतं की हे पाणी कोणत्या पिकाला, किती दिवस, आणि कुणी यंदा थांबायचं. हा निर्णय गावानं एकत्र बसून घेतला आणि फेब्रुवारीपर्यंत पाळला, तर त्याला मी सहभाग म्हणतो.

हे मला एका चुकीतून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका उपनदीच्या उगमाकडच्या गावात आम्ही नालाबांध आणि समतल चर केले. पाऊस बरा झाला आणि विहिरींचं पाणी दोन परस (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढं माप) वर आलं. सगळे खूश होते. पाणी वापरायचं कसं, हा विषय मी मुद्दाम काढला नव्हता. काढला तर एकी मोडेल अशी भीती वाटली. पुढच्या उन्हाळ्यात बंधाऱ्यालगतच्या तीन घरांनी मिळून अकरा बोअर मारल्या. तामिळनाडूच्या पाटीची बोअरची गाडी रात्री यायची आणि उजाडायच्या आत निघून जायची. डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. तिसऱ्या वर्षी खालच्या वस्तीवर पुन्हा टँकर आला. ज्यांनी सगळ्यात जास्त दिवस टिकाव मारला होता, त्यांचीच ती वस्ती. मी परत गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, घरची चौकशी केली, पण सभेला एकजणही आला नाही. त्यानंतर पाणी येण्याआधी नियम ठरल्याशिवाय मी कुठल्याही बंधाऱ्याच्या कामाला हात लावलेला नाही.

आता हिशेबाकडे येऊ, कारण माणदेशात भांडण मिटवायला हिशेबाइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. तुमच्या गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर धरू आणि पाऊस ४५० मिलिमीटर. म्हणजे गावाच्या शिवारात वर्षाला ४५० कोटी लिटर पाणी पडतं. आकडा ऐकून माणूस हरखतो. पण यातलं बरंचसं बाष्प होऊन उडतं, बरंच पिकं आणि गवत घेतं, काही वाहून जातं. आपल्या झिजलेल्या काळ्या दगडात जमिनीत मुरतं ते साधारण सात टक्के. म्हणजे ३१ कोटी लिटरच्या आसपास. बंधाऱ्यांनी त्यात थोडी भर पडते, पण ती वेगळी धरून गाफील राहू नका.

या ३१ कोटींतून पहिला वाटा पिण्याचा. दोन हजार माणसांना रोज माणशी ५५ लिटर, म्हणजे वर्षाला चार कोटी. हजार मोठी जनावरं असतील तर दीड कोटी. शेळ्यामेंढ्या आणि पाहुणे कळप धरून सहा कोटी बाजूला काढा. उरले २५ कोटी. उसाला पाटानं पाणी दिलं तर हेक्टरी दोन कोटी लिटर लागतं, म्हणजे जेमतेम बारा हेक्टर ऊस झाला की गावाचं पाणी संपलं. तेच पाणी ज्वारी-हरभऱ्याला दोन-तीन पाळ्यांत दिलं, हेक्टरी वीस लाख धरून, तर सव्वाशे हेक्टर रब्बी निघते. बारा हेक्टर आणि सव्वाशे हेक्टर. हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि आठ दिवस कुणाशी काही बोलू नका. लोक आपणहून बोलायला लागतात. हे सगळे ठोकळ आकडे आहेत. तुमच्या शिवाराचे वेगळे येतील आणि ते तुम्हीच काढायला हवेत, कारण माझ्या आकड्यांवर गाव मला हटकेल, स्वतः मोजलेल्या आकड्यांवर हटकणार नाही.

मोजायला फार काही लागत नाही. शाळेत एक पर्जन्यमापक, आणि ओढ्याच्या दोन्ही काठच्या मिळून पाच विहिरी, त्यातल्या दोन वर, एक मध्ये, दोन खाली. गाठी मारलेला दोर आणि त्याला दगड. दर पंधरवड्याला, सकाळी मोटर चालू व्हायच्या आत, पाणी किती परसांवर आहे ते वहीत लिहायचं. हे काम शाळेतल्या वरच्या वर्गातली मुलं आणि बचतगटातल्या बाया उत्तम करतात. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत अशीच मोजणी हजारो शेतकऱ्यांनी स्वतः केली, तीही कुठली सक्ती नसताना, आणि रब्बीच्या तोंडावर शिवाराचं पाणी किती आणि पिकांचा बेत काय याचा ताळा ते एकत्र बसून मांडत. आपल्याकडे केंद्राच्या अटल भूजल योजनेनं २०१९ नंतर पाण्याचा ताळेबंद पुष्कळ गावांत पोहोचवला. पण बऱ्याच ठिकाणी तो बाहेरच्या माणसानं भरला, सह्या गावाच्या झाल्या. असा ताळेबंद तुमच्या दप्तरात असेल तर तो फेकू नका. त्यातले आकडे घेऊन विहिरीवर जा आणि पडताळून बघा.

जमिनीखालचं चित्रही गावानं समजून घ्यायला हवं. जुने विहीर खोदणारे गाठा. वर मुरूम, मग मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र दगड), मग काळा पाषाण, कुठे मध्येच गेरूचा पट्टा, हे त्यांना तोंडपाठ असतं. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात असतं. पाषाणात फक्त भेगांतून. सहाशे-आठशे फूट बोअर मारून जे लागतं ते बहुधा वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं, एकदा उपसलं की भरायला किती पावसाळे लागतील ते कुणी सांगू शकत नाही. आणि अनेकदा ती बोअर वरच्या थरातलं, शेजाऱ्याच्या विहिरीतलंच पाणी खाली ओढते. हे एकदा चित्र काढून दाखवलं की 'माझ्या रानातलं पाणी माझं' हे वाक्य सभेत जरा हळू आवाजात यायला लागतं.

आता नियमांबद्दल. तुम्हाला वाटत असेल की पाणी वाटून घेण्याची सवय लोकांना नाही, ती बाहेरून आणावी लागेल. तसं नाही. तुमच्या गावात सामाईक विहिरी किती आहेत ते सातबाऱ्यावर बघा. चार भावांची विहीर, प्रत्येकाची पाळी ठरलेली, दोन दिवस थोरल्याचे, दोन दिवस धाकट्याचे. पाणी खाली गेलं की चौघांच्याही पाळ्या सारख्याच आखडतात. भाऊकीत बोलणं बंद असलं तरी पाळी मोडत नाही. मी सभेत नेहमी इथूनच सुरुवात करतो: आपला ओढा ही सगळ्या गावाची सामाईक विहीर आहे, हिच्या पाळ्या कशा लावायच्या ते सांगा. पाणलोट, भूजल धारण क्षमता वगैरे शब्दांनी जे तासाभरात होत नाही ते या एका प्रश्नानं होतं.

हीच सवय मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर खानदेशात पांझरा आणि मोसम नद्यांकाठची फड पद्धत बघा. काही शतकं चाललेली व्यवस्था. नदीवर बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, आणि एका फडात एकच पीक. बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात, त्यामुळे कुठल्या फडाला पाणी द्यायचं नाही हे ठरलं तरी झळ सगळ्यांना सारखी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला शेतकरीच देत. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पाटकरी स्वतः कुणाला जास्त पाणी देऊ शकत नव्हता आणि शेतकरी स्वतः पाटाला हात लावू शकत नव्हता. तुमच्या गावातही पाणी सोडणारा माणूस वेगळा आणि पगारी असू द्या. समितीच्या अध्यक्षानंच बर्गे (बंधाऱ्याच्या दारातल्या फळ्या) काढायचे आणि त्यानंच घालायचे, असं झालं की वर्षभरात भांडण ठरलेलं.

आणि पुरंदर तालुक्यात नायगावला एकदा जाऊन या. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्यानं तिथं चाळीस एकर देवस्थानची जमीन घेऊन काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. त्यांनी घातलेले नियम आजही वाचताना मला त्यांच्या धाडसाचं आश्चर्य वाटतं. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. आणि खर्चाचा वीस टक्के हिस्सा आधी शेतकऱ्यांनी भरायचा. या शेवटच्या नियमाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण माझा अनुभव आहे की स्वतःचे पैसे भरलेला माणूस सभेला येतो, आणि फुकट मिळालेल्या बंधाऱ्याचे बर्गे दोन वर्षांत चोरीला जातात.

हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच आहे. तिथली झाडं आणि घरं बघून माणसं परत येतात. तुम्ही गेलात तर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात ते विचारा. यंदाचा पाऊस बघून यंदाची पिकं ठरतात. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तिथपासून हे घडायला पुष्कळ वर्षं लागली. तुम्हाला एका हंगामात जमलं नाही म्हणून खचू नका.

डाळिंबाचं काय, असं तुमच्या गावात पहिल्याच सभेत विचारतील. बरोबर आहे त्यांचं. सांगोला-आटपाडीत डाळिंबानं कितीतरी घरं उभी केली आणि ठिबकवरच्या बागेला उसापेक्षा फार कमी पाणी लागतं. अडचण दुसरीकडे आहे. ज्वारी एखादं वर्ष पेरली नाही तरी चालतं, बाग एखादं वर्ष सोडता येत नाही. दुष्काळात लोकांनी टँकर विकत घेऊन बागा जगवल्या, कर्ज काढून. आणि ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर पुढच्या वर्षी आणखी दोन एकर बाग लागते, मग गावाचं पाणी वाचलं कुठे? म्हणून ठिबकबरोबर क्षेत्राची मर्यादाही बोला. वाईट पावसाच्या वर्षी गावाला जेवढी झाडं जगवता येतील तेवढीच बाग. हा नियम बागायतदारालाच वाचवतो आणि नीट समजावला तर तोच तुमच्या बाजूनं उभा राहतो.

सभेत कोण बसतं याकडे तुम्ही, एक बाई म्हणून, माझ्यापेक्षा जास्त बारकाईनं बघाल. तरी सांगतो. सकाळी अकराची ग्रामसभा म्हणजे रोजंदारीवर जाणारे बाहेर. संध्याकाळी वस्तीवर बसा. टँकर कुठल्या दिवशी आला नाही, कुठल्या हातपंपाचं पाणी कधी खारट होतं, हे बायांना ठाऊक असतं आणि मोटर असलेल्या माणसाला ठाऊक नसतं. धनगर वाड्यावर वेगळे जा. नदीच्या पात्रातले डोह मेंढरांना उन्हाळ्यात लागतात, आणि बंधाऱ्याच्या पाण्याचा हिशेब मोटरवाल्यांनी केला की हे डोह त्यात कधीच येत नाहीत. शिवाय विजेचं वेळापत्रक बघून नियम करा. बऱ्याच ठिकाणी शेतीला वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. दिवसाची पाळी ठरवली आणि वीज रात्री आली तर नियम पहिल्याच आठवड्यात मोडणार, त्यात कुणाचाच दोष नाही.

एकट्या गावाचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि सगळ्यात अवघड. माण नदी कुळकजाईच्या डोंगरात उगवते, म्हसवड, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा अशी उतरत सरकोलीजवळ भीमेला मिळते. वाटेत तीन जिल्हे. वरच्या गावानं ओढा अडवला की खालचा म्हणतो माझं पाणी तोडलं, आणि काही वेळा ते खरं असतं. सगळ्या खोऱ्याची समिती एकदम काढू नका. अशा समितीत पुढारी येतात, शेतकरी येत नाहीत. एका ओढ्यावरची चार-पाच गावं पुरेत. ती जमली की ओढ्याओढ्यांचे प्रतिनिधी नदीसाठी बसवा.

राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या अरवरी नदीवर हे असंच खालून वर घडलं. तरुण भारत संघ या संस्थेच्या मदतीनं गावोगावी जोहड (मातीचा बांध घालून केलेली तळी) बांधले गेले, काही वर्षांत कोरडी नदी पुन्हा वाहू लागली. पाणी आलं, मासे आले, आणि सरकारनं मासेमारीचा ठेका बाहेरच्याला दिला. गावांनी विरोध करून तो रद्द करायला लावला. तेव्हा त्यांना कळलं की नदी जिवंत करण्याइतकंच ती कुणाची हे ठरवणं महत्त्वाचं आहे. १९९९ मध्ये सत्तरेक गावांची अरवरी संसद बसली. तिला कायद्याचं बळ नाही. तरी उसासारखी पिकं नकोत, पात्रातून उपसा किती, चराई कशी, हे तिनं ठरवलं. तिथला दगड वेगळा, माती वेगळी, म्हणून जोहडांची नक्कल इथे करू नका. बसण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

आणि वाळू विसरू नका. नदीचं पात्र म्हणजे वाळूत भिजून राहिलेलं पाणी असतं. वाळू गेली की पूर दोन दिवसांत निघून जातो आणि काठच्या विहिरी दिवाळीतच आटतात. तुमच्या शेजारी, खानापूर तालुक्यात येरळा नदीवर, ऐंशीच्या दशकात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ठेकेदारांचा वाळूउपसा अडवला, थोडी वाळू स्वतः विकून बळीराजा धरण बांधलं आणि त्याचं पाणी भूमिहीनांसह सगळ्यांना वाटायचं ठरवलं. नदी, वाळू आणि पाणीवाटप हे तिन्ही एकाच लढ्यात आलं, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता तुमच्याकडे बाहेरचं पाणीही येतं आहे. टेंभू योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून दुष्काळी तालुक्यांत पोहोचतं आहे. त्यासाठी १९९३ पासून आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी लोकांना बरोबर घेऊन समान पाणीवाटपाची मागणी लावून धरली. ते पाणी आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण मी बघितलंय, पाइपातून पाणी येणार म्हटलं की गाव विहिरींचा नियम सोडून देतं आणि ऊस लावतं. एखाद्या वर्षी आवर्तन (योजनेचं पाणी सोडण्याची पाळी) उशिरा आलं की दोन्हीकडून बुडतं. म्हणून पाणीवापर संस्था (पाणी घेऊन आपसांत वाटणारी शेतकऱ्यांची संस्था) काढाल तेव्हा पाइपातलं आणि विहिरीतलं पाणी एकाच वहीत मांडा. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं संस्थेला मोजून पाणी घेण्याचा हक्क दिला आहे आणि संचालक मंडळावर कालव्याच्या शेपटाच्या (शेवटच्या टोकाच्या), मधल्या आणि वरच्या भागाला सारखी जागा. नाशिकला वाघाड प्रकल्पावर ओझरच्या शेतकऱ्यांनी हे कायद्याच्याही आधी, १९९१ पासून करून दाखवलं. ते शेपटाला होते, पाणी पोहोचतच नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पाठपुराव्यानं आधी तीन संस्था झाल्या, पुढे सगळ्या धरणावर चोवीस, आणि त्यांची मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था. त्यांनीही कालव्याचं पाणी नाल्यावरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या आणि दोन्ही पाण्यांचा मेळ घातला.

भूजलाचा कायदा २००९ चा, लागू झाला जून २०१४ पासून. पिण्याच्या सार्वजनिक स्रोताजवळ विहीर घेण्यावर, ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर त्यात बंधनं आहेत. कायदा हाताशी ठेवा, पण पहिल्या वर्षी तक्रार अर्जानं सुरुवात करू नका. तहसीलचा माणूस एकदा येऊन पंचनामा करून जातो, शेजारी मात्र कायमचा दुरावतो. ग्रामसभेनं सगळ्यांसमोर ठरवलेलं, आणि ते ठरवताना बोअर असलेलाही हजर असलेला, असा एकच नियम जास्त दिवस टिकतो.

आता तुम्ही करायचं काय. यंदा फक्त एक नियम घ्या, गावाच्या पिण्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरच्या आत नवी बोअर नाही. याला सहसा कुणी उघड विरोध करत नाही. परतीचा पाऊस थांबला की पाच विहिरी मोजा आणि आकडे भिंतीवर लावा. बर्गे घालायच्या आधी, ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या गावातली दोन-दोन माणसं बोलवा, त्यात एकेक बाई हवीच. त्यांनाही दोर द्या. त्यांच्या विहिरींचे आकडे तुमच्या भिंतीवर आणि तुमचे त्यांच्या. दोर सगळीकडे सारखाच हवा आणि गाठी एकाच हातानं मारलेल्या हव्यात, नाहीतर जानेवारीत पाण्याऐवजी दोरावरूनच वाद होतो.